काकूंचा डावा कान

व्हॅनकाकूंचा डावा कान गेलेला आहे, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. शिपायाला ठाऊक होतं, मुख्याध्यापिकाबाईंना ठाऊक होतं. दारात उभं राहून पोरांना सोडणाऱ्या आयांना तर इतकं ठाऊक होतं, की त्या गाडीला मुद्दाम वळसा घालून उजव्या खिडकीशी यायच्या आणि समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारावी तशा ओरडायच्या, "काकू, आज हिला खोकला आहे होऽऽ!"

"कळलं, कळलं," काकू म्हणायच्या. "खोकला. मला कळलं, पलीकडच्या गल्लीलाही कळलं."

ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तो कान कुठेही गेलेला नव्हता. जागच्या जागी होता आणि चांगला खणखणीत होता. इंजिनाचा पट्टा केसाएवढा सैल झाला तरी त्या कानाला कळायचं. घरी काकूंचा नवरा पंखे दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "मी आतल्या खोलीत मनातल्या मनात कुरकुरलो, तरी ही स्वयंपाकघरातून उत्तर देते."

मग हा कान गेला कसा? तर अठरा वर्षांपूर्वी, गाडी नवी असताना, मागे अकरा पोरं बसायची आणि अकराही जणांना न्याय हवा असायचा.

"काकू, हा माझ्याकडे बघतो!"

"काकू, ती मला बघू देत नाही!"

"काकू, ह्याने माझ्या खिडकीतून श्वास घेतला!"

तीन महिने काकूंनी गाडी चालवता चालवता न्यायनिवाडा केला. चौथ्या महिन्यात त्या वैतागल्या आणि सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, "हे बघा, लहानपणी तापात माझा डावा कान गेलाय. मागचं मला काही ऐकू येत नाही. आपापसात मिटवा."

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी बंद झाल्या. आठवड्याभरात दुसरंच काहीतरी सुरू झालं. पोरं बोलायला लागली, खरंखुरं. कोण कुणाला घाबरतं, कुणाच्या घरी काल ताट आपटलं, कुणाला मोठेपणी जहाजावर जायचंय आणि कुणाला आत्ताच जायचंय. घरी नाही, वर्गात नाही, पण काकूंच्या पाठीमागे तोंडं अशी उघडायची, की बोळा काढलेली मोरी. काकू समोर बघून गिअर टाकायच्या, चेहरा दगडासारखा ठेवायच्या आणि एकेक शब्द पोटात घालायच्या. घरी येऊन नवऱ्यालाही काही सांगायच्या नाहीत. गाडीतलं गाडीत. कुणी मागून काही विचारलंच, तर मान अर्धी वळवून म्हणायचं, "हां?" बस. अठरा वर्षं त्या "हां?"वर निभावली.

त्या वर्षी सगळ्यात मागच्या बाकावर दोघी बसायच्या. पहिलीपासूनच्या मैत्रिणी, आता नववीत. एक उंच, काटकुळी, कमी बोलणारी, म्हणून तिचं नाव पेन्सिल. दुसरीचं नाव डबिंग. कारण तिला कुणाचाही आवाज काढता यायचा, आणि काढता आला की ती काढल्याशिवाय राहायची नाही. मुख्याध्यापिकाबाईंचा नाकातला "विद्यार्थ्यांन्नोऽऽ", शिपायाची शिंक, भूगोलाच्या सरांचं दर वाक्याच्या शेवटी येणारं "बरं का". काकूंनाही तिने सोडलं नव्हतं. सरकता दरवाजा लावताना काकू रोज जे ओरडायच्या, ते ती त्यांच्या आधीच, त्यांच्याच घोगऱ्या आवाजात ओरडायची, "बसाऽऽ, टेकाऽऽ! दार माझं आहे, बोटं तुमची आहेत!"

गाडी हसून हलायची. काकूंना मात्र ऐकू आलेलं नसल्यामुळे हसता यायचं नाही. त्या खोकायच्या. आया त्यांना आल्याचा काढा सुचवायच्या.

तर ह्या दोघींचं एक गुपित होतं. पेन्सिलीला बुधवारी आणि शनिवारी गणिताची शिकवणी होती. शनिवारी ती जायची. बुधवारी मात्र शिकवणीच्या दारात उतरून काकूंची गाडी वळली, की ती थेट डबिंगच्या मामाच्या फर्निचरच्या कारखान्यात. मामा तिला रंधा धरायला शिकवत होता. नऊ बुधवार खपून तिने एक स्टूल बनवायला घेतलं होतं आणि त्याचा चौथा पाय काही केल्या बाकीच्या तिघांशी जमवून घेत नव्हता. हे जगात तिघांना ठाऊक होतं: पेन्सिल, डबिंग, मामा. आणि चौथ्या त्या, ज्यांना ऐकू येत नव्हतं.

काकूंना त्या स्टुलाचा भारी लळा. बुधवार संपला की गुरुवारी सकाळी त्यांचा कान आपोआप मागे लागायचा. आज पाय बसला की नाही?

एका बुधवारी बसला. आणि तिथेच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाकावर पेन्सिल सांगत होती, "हलतच नाही गं! मी त्याच्यावर उभी राहून नाचले!" आणि काकू त्या आनंदात घरी जाऊन नवऱ्याला दोनदा विनाकारण चहा देऊन बसल्या. शुक्रवारी सकाळी गाडी पेन्सिलीच्या दारात. पेन्सिलीचा पत्ता नाही. तिची आई पुढे आली. बाई दातांच्या दवाखान्यात स्वागताला असायची. बोलणं गोड आणि शेवटी कायम एक प्रश्न.

"येतेय हं, मोजा सापडत नाहीये एक, नाही का!"

"असू द्या, असू द्या," काकू म्हणाल्या. सकाळ छान होती, रस्ता मोकळा होता, जीभही मोकळी सुटली. "पोरगी खुशीत आहे, हरवेना का मोजा. शेवटी बसला म्हणे स्टुलाचा पाय. नाचली म्हणे वर उभी राहून!"

"कसलं स्टूल?"

आता इथे समजून घ्या. चोरून ऐकणारा माणूस सावध असतो. काकू चोरून ऐकत नव्हत्या, त्या अठरा वर्षं सरळ ऐकत होत्या. आपल्याला कुणी सांगितलेलं कुठलं आणि आपल्या कानावर पडलेलं कुठलं, ह्याची त्यांच्या डोक्यात कधीच सरमिसळ झाली होती. स्टुलाबद्दल पेन्सिलीनेच आपल्याला सांगितलंय, असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. पुढच्या क्षणी घाम फुटला.

"हां?" काकू म्हणाल्या आणि घाईघाईने डावा कान पुढे केला.

पण बाई हुशार. संध्याकाळी शिकवणीला एक फोन गेला. नऊ बुधवार बाहेर आले. कारखान्यात जाणं बंद, स्टूल तिथेच. आणि कुणी सांगितलं म्हणून पोरीने रडून विचारलं, तर आईने सगळ्या आया देतात तेच उत्तर दिलं, "मला कळायचं तिथून कळतं."

सोमवारी सकाळी पेन्सिल गाडीत चढली ती मागे गेलीच नाही. पुढचा दरवाजा उघडून काकूंच्या शेजारी बसली. ती जागा उलटी होणाऱ्यांची. अठरा वर्षांत तिथे आपण होऊन कुणी बसलं नव्हतं.

"अगं, काय झालं?" मागून डबिंगने विचारलं. "ए पेन्सिल! काय झालं सांग ना!"

पेन्सिल समोर बघत राहिली. आणि पहिलं वळण पार पडल्यावर, ओठ जेमतेम हलवत, ती बोलायला लागली. काकूंच्या डाव्या कानात. तिला बिचारीला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि हा कान म्हणजे भिंतच होती.

"तिनेच सांगितलं. दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. मामा तर आईला ओळखतही नाही. नऊ वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं तिने."

काकूंनी तिसरा गिअर टाकायच्या जागी पहिला टाकला. गाडी किंचाळली.

"काकूंना काय झालं?" असं मागून तक्रारपेटीने विचारलं. तक्रारपेटी म्हणजे दुसरीतली दोन वेण्यांची पोरगी, जिला पूर्वीच्या काळी जन्मायला हवं होतं, कान जायच्या आधी.

मंगळवारी पेन्सिल पुन्हा पुढे. बुधवारी पुढे, आणि बुधवारी ती शिकवणीच्या दारात उतरण्याआधी रडली, आवाज न करता, नाक पुसत. मागे तर स्मशानशांतता. डबिंगने आवाज काढणंच सोडलं होतं. मुख्याध्यापिका नाहीत, शिंक नाही, "बरं का" नाही. मंगळवारी दरवाजा लावताना काकूंनी "बसाऽऽ" म्हटलं आणि सवयीने थांबल्या. त्यांच्या आधी ओरडायला कुणीच नव्हतं. स्वतःचंच वाक्य त्यांना स्वतःलाच पुरं करावं लागलं.

उतरताना डबिंग उजव्या खिडकीशी आली. "काकू, ती तुमच्याजवळ बसते. माझ्याबद्दल काही बोलते का हो? मी काय केलं तेच मला कळत नाहीये."

आणि काकूंनी, देव त्यांना क्षमा करो, उजव्या कानानेही म्हटलं, "हां?"

त्या रात्री जेवताना नवऱ्याने पंख्याचं पातं बाजूला ठेवलं. "तीन दिवस तू काही बोलत नाहीयेस. मला भीती वाटायला लागलीय. काय झालं?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा काकूंनी गाडीतली गोष्ट घरात सांगितली. सगळी.

"मग सांगून टाक की त्या पोरीला. मी बोलले म्हणून."

"आणि मला कुठून कळलं म्हणून सांगू? स्वप्नात स्टूल आलं?"

"खरं सांग. ऐकू येतं म्हणून."

"अहो, मग काय उरलं? उद्यापासून एक पोरगं तोंड उघडेल का माझ्यामागे? दहा पोरं आणि एक पोलीस, असं होईल ते. मला तेवढाच तर एक..." काकूंना शब्द सापडेना. त्यांना मूलबाळ नव्हतं. तो शब्द त्यांनी शोधलाही नाही. "ह्या वयात मी काय नुसतं इंजिन ऐकत बसू?"

नवऱ्याने पातं पुन्हा हातात घेतलं, फुंकर मारली. "मग नको सांगूस. दोन पोरींचं मोडेल, तुझं टिकेल."

"वा! समजूत घालताय की चिमटा काढताय?"

"मी पंख्याशी बोलतोय," नवरा म्हणाला.

काकूंनी आधी अर्धाच रस्ता घेऊन पाहिला. गुरुवारी सकाळी पेन्सिल शेजारी बसल्यावर त्या रस्त्याला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "कधीकधी ना, आपल्याला वाटतं ह्याने सांगितलं, आणि सांगितलेलं असतं भलत्यानेच."

पेन्सिलीने त्यांच्याकडे पाहिलं, म्हातारी माणसं अशी मध्येच काहीतरी बोलतात म्हणून मान डोलावली आणि पुन्हा खिडकीकडे वळली. मग डाव्या कानाला म्हणाली, "आज मी पण सांगणारे. गेल्यावेळी खेळांच्या दिवशी तिने स्वतःच्या आईच्या आवाजात शाळेच्या ऑफिसला फोन करून सुट्टी घेतली होती. आज पहिल्याच तासाला बाईंना सांगते. होऊ दे काय व्हायचं ते."

शाळा चार वळणांवर होती. पहिलं गेलं. दुसरं गेलं. पोरीचं सांगून झालं की मग काही म्हणजे काही सांधता येणार नव्हतं. सुतारकाम करणाऱ्या मामाकडेही त्याला खिळा नव्हता. तिसऱ्या वळणावर काकूंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

पोरं गाडीत असताना इंजिन त्यांनी आजवर कधी बंद केलं नव्हतं. इतकं शांत झालं, की तक्रारपेटीच्या डब्यातला चमचा वाजलेला सगळ्यांना ऐकू आला. त्यांनाही.

काकू सीटवर वळून बसल्या. "माझा डावा कान चांगला आहे," त्या म्हणाल्या.

तक्रारपेटीने डबा घट्ट धरला.

"पहिल्यापासून चांगला आहे. मी खोटं बोलले होते."

"खोटं!" मधल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. ते खोटं म्हणजे काकूंचं आधीचं की आत्ताचं, हे त्यालाही कळलं नसावं. मग परीक्षा झाली. काकूंनी पाठ फिरवली आणि शेवटच्या बाकावरून एक बारीक कुजबुज आली: "काकूंच्या गाडीचा हॉर्न बदकासारखा वाजतो."

"बदकासारखा नाही," काकू समोर बघत म्हणाल्या. "बदक निदान सुरात असतं."

एकच गलका उडाला! ज्याने त्याने आपापलं आठवायला घेतलं आणि ज्याचं त्याचं तोंड पांढरं पडत गेलं. सगळ्यात जास्त भडकली तक्रारपेटी. "म्हणजे मी गेल्या वर्षभर ज्या तक्रारी केल्या, त्या तुम्ही सगळ्या ऐकल्या?"

"सगळ्या."

"आणि काऽऽहीच केलं नाही?"

ह्या पोरीला न्यायाधीश व्हायला कुणी अडवू शकणार नव्हतं. पण काकूंचं लक्ष शेजारी होतं. पेन्सिलीने दप्तर छातीशी धरलं होतं.

"सोमवारी मी बोलले ते?" तिने विचारलं.

"ऐकलं."

"काल?"

"काल तू रडलीस तेही. आणि आज काय करायला निघालीयस तेही, म्हणून तर थांबले. तुझ्या आईला स्टुलाचं मी सांगितलं गं. मुद्दाम नाही. मला इतका आनंद झाला होता, की मला ते तूच सांगितलंयस असं वाटलं. तिने नाही सांगितलं." काकूंनी मागे बोट दाखवलं. "तिने कुण्णाला काही नाही सांगितलं."

पेन्सिल मागे वळली. डबिंगचे डोळे एवढे मोठे झाले होते. "तुला वाटलं, मी?" ती म्हणाली, आणि तो कुणाचा आवाज नव्हता, तिचा स्वतःचाच होता, थोडा चिरका. "नऊ वर्षांनी तुला वाटलं, मी?"

हे काकूंनी धरलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आपण खरं सांगितलं की पोरी गळ्यात पडतील. उलट आता दोघी रुसल्या, एक काकूंवर आणि एक पेन्सिलीवर. शाळेत दोघी वेगवेगळ्या दारांनी उतरल्या. एक मात्र झालं. पेन्सिल बाईंकडे गेली नाही.

दुपारी गाडीत मुकी माणसं भरावीत तशी दहा पोरं भरली. पेन्सिल पुढे बसली नाही आणि मागेही गेली नाही. मधल्या बाकाच्या टोकाला टेकली. काकूंनी दरवाजा लावला, बोटांचं काही म्हटलं नाही. चला, त्यांनी मनाशी म्हटलं, आता इंजिन ऐका.

पहिला उतारू असायचा अरुंद गल्लीच्या टोकाला. गाडी गल्लीत शिरली, अर्ध्यावर गेली आणि थांबली. समोर पाण्याच्या नळांनी भरलेला ट्रक आडवा. ट्रकवाला म्हणाला, "तासभर लागेल. मागे घ्या."

काकूंनी हँडल धरलं. सोडलं. पुन्हा धरलं.

"मागे घ्या की काकू," मधून कुणीतरी म्हणालं. गाडीतला दुपारचा तो पहिला शब्द.

काकूंनी आरशात पाहिलं. दहा चेहरे त्यांच्याकडे बघत होते. एकदा खरं बोलायला लागलं की थांबायचं कुठे, हा मोठाच प्रश्न असतो. "मला मागे घेता येत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही येत. पहिल्याच महिन्यात मागे घेताना एका बेकरीची पायरी पाडली. तेव्हापासून घेतलेलीच नाही."

"अठरा वर्षं?"

"अठरा वर्षं पुढेच चाललेय."

गाडीने हे आधी गिळलं, मग पचवलं, मग शेवटच्या बाकावरून एक हर्षाचा चीत्कार आला. डबिंग! "म्हणून आपण रोज बागेला पूर्ण वळसा घालतो! मला वाटायचं, आपल्याला हवा लागावी म्हणून!"

"आणि माझ्या घरासमोरून रोज दोनदा जातो," कुणीतरी ओरडलं, "पहिल्यांदा उतरवतच नाहीत!"

"मी तक्रार केली होती!" तक्रारपेटी बाकावर उभी राहिली. "मी केली होती ह्याची तक्रार!"

काकू लालबुंद झाल्या होत्या आणि हसू त्यांच्या गळ्यापर्यंत आलं होतं, आणि पहिल्यांदाच ते खोकला म्हणून खपवायची गरज नव्हती. त्या हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, हँडलवर डोकं टेकवून. मागे दहाच्या दहा जण हसत होते. तेवढ्यात मागून मुख्याध्यापिकाबाईंचा नाकातला आवाज गाडीभर घुमला, "विद्यार्थ्यांन्नोऽऽ! व्हॅनकाकूंनी आपली अठरा वर्षं ऐकली आहेत! त्यांना शिक्षा झालीच पाहिजे! रोज स्वतःचं एक गुपित सांगायचं, सत्र संपेपर्यंत! आजचं धरलं आहे!"

"मंजूर," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पण आधी इथून निघायचं कसं?"

दोन मोठ्या मुलींना उतरून मागे उभं राहावं लागणार होतं, एकीने ह्या कोपऱ्याला, एकीने त्या. मोठ्या दोघीच होत्या. मग डबिंग उतरली. मग पेन्सिल.

काकूंनी रिव्हर्स गिअर टाकला. तो कुठे असतो, तेही त्यांना चाचपून बघावं लागलं. काच खाली, दोन्ही कान मागे.

"येऊ द्या," डावीकडून डबिंग. "येऊ द्या. येऊ द्या."

"थांबा!" उजवीकडून पेन्सिल. "माझ्याकडे भिंत आहे."

"किती आहे?" डबिंगने विचारलं. कुणाला, ते स्पष्ट होतं. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

पेन्सिलीने भिंतीवरून गाडीकडे नजर फिरवली. "साडेसात इंच," पेन्सिल म्हणाली.

"साडेसात? आठ का नाही?"

"कारण साडेसात आहे."

"पट्टी लावून बघितलीस का?"

"दिसतं मला. तुझ्याकडे किती?"

"माझ्याकडे... भरपूर."

"भरपूर म्हणजे किती? भरपूर माप आहे का?"

"तूच ये ना मग इकडे आणि सांग!"

"मी आले तर इकडे कोण बघेल?"

"मग राहा तिथेच आणि माझ्यावर भरवसा ठेव!"

हे बोलल्यावर डबिंगला आपण काय बोललो ते कळलं. काकूंनी क्लच दाबून धरला.

"बरं," शेवटी उजवीकडून आलं. "तू म्हणशील तसं. काकू, तिच्या बाजूला घ्या, येऊ द्या."

आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा व्हॅनकाकूंची गाडी, एक वीत, दोन वीत, मागे सरकायला लागली.